अंतर्गृही शोभिवंत वनस्पतींवरील कोळी कीड : ओळख, जीवनक्रम आणि विषरहित नियंत्रण

सारांश
इमारतींच्या आत कुंड्यांमध्ये वाढविल्या जाणाऱ्या शोभिवंत वनस्पतींवर कोरड्या ऋतूत कोळी वर्गातील सूक्ष्म किडीचा प्रादुर्भाव होतो. ही कीड कीटक वर्गातील नसल्यामुळे नित्याच्या कीटकनाशकांनी ती आटोक्यात येत नाही; काही वेळा तर ती वाढते. प्रस्तुत लेखात या किडीची ओळख व जीवनक्रम यांचा परामर्श घेऊन, पाणी, साबण व वनस्पतिजन्य तेल यांचा ठरावीक अंतराने केलेला वापर हाच बंद खोलीत योग्य असा उपाय का ठरतो, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : दोन ठिपक्यांचा कोळी, अंतर्गृही वनस्पती, कोळीनाशक, प्रतिकारक्षमता, परभक्षी कोळी

प्रस्तावना
महाविद्यालयाचे प्रवेशद्वार, प्राचार्यांचे दालन, ग्रंथालय, कर्मचारी कक्ष अशा ठिकाणी कुंड्यांतील झाडे ठेवण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. अरेका पाम, क्रोटन, शेफ्लेरा, ड्रॅसिना, आयव्ही, अलोकेशिया ही त्यांतील परिचित नावे. मार्च उजाडला की यांपैकी काही झाडांची पाने निस्तेज होऊ लागतात, त्यांवर धूळ बसल्यासारखे फिकट ठिपके दिसतात, आणि मे महिन्याच्या सुट्टीनंतर महाविद्यालय उघडते तेव्हा हिरवागार पाम तांबूस, कोरडा व जाळीने वेढलेला आढळतो. बहुतेक वेळा याचे खापर पाणी न घालणाऱ्या शिपायावर किंवा उन्हाळ्यावर फोडले जाते. दोघांचाही त्यात थोडाफार वाटा असतो हे खरे. परंतु मुख्य कारण पानाच्या खालच्या बाजूस असते आणि तेथे सहसा कोणी पाहत नाही.

कारण ध्यानात आल्यानंतर जो उपाय योजला जातो तो अनेकदा रोगापेक्षा घातक असतो. डास-झुरळांसाठी घरात असलेला फवारा पानांवर मारला जातो, अथवा कृषी सेवा केंद्रातून एखादी बाटली आणून बंद दालनात फवारणी केली जाते. त्या दालनात दुसऱ्या दिवशी माणसे सात-आठ तास बसतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. ती फवारणी उघड्या शेतात चालली होती, एवढी एकच बाब येथे लक्षात आणून द्यावीशी वाटते. ज्या किडीसाठी हा धोका पत्करला जातो, तिच्यावर असल्या फवारणीचा परिणाम कितपत होतो, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.

किडीची ओळख
मराठीत या किडीला ‘लाल कोळी’ किंवा ‘कोळी कीड’ म्हणतात. या नावाखाली एकाहून अधिक जाती येतात. घरातील झाडांवर सर्वाधिक आढळणारी जात म्हणजे दोन ठिपक्यांचा कोळी. शास्त्रीय परिभाषेत तिला टेट्रानिकस अर्टिकी असे नाव असून १८३६ साली कोख या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. ११०० हून अधिक वनस्पतींवर ती जगू शकते. तिचा रंग प्रत्यक्षात बहुधा फिकट पिवळसर-हिरवा असतो आणि पाठीच्या दोन्ही बाजूंस एकेक गडद डाग दिसतो; त्यामुळे लाल रंग शोधणाऱ्या निरीक्षकाची फसगत होण्याचा संभव आहे.

‘कोळी’ या शब्दामुळे आणखी एक गैरसमज होतो. भिंतीच्या कोपऱ्यात जाळे विणणारा कोळी आणि ही कीड दोन्ही संधिपाद संघातील अष्टपाद वर्गात मोडतात, परंतु पहिला मांसाहारी असून झाडाला त्याचा काहीही उपद्रव नाही. पानावर बसलेला मोठा कोळी झटकून टाकला म्हणजे कीड गेली, असे समजणारे बरेच आहेत. वस्तुतः कोळी कीड गोचिडीच्या अधिक जवळची. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. तीक्ष्ण दृष्टीच्या व्यक्तीला ती हलणाऱ्या ठिपक्यासारखी भासते, इतरांना दहापट मोठे दाखविणारे भिंग घ्यावे लागते. प्राणिशास्त्र वा वनस्पतिशास्त्र विभागातील विच्छेदन सूक्ष्मदर्शकाखाली एक पान उलटे ठेवून पाहिल्यास अंडी, पिले, प्रौढ आणि टाकलेल्या कातींची पांढरी टरफले असा सगळाच संसार एकत्र दिसतो. पदवी वर्गातील विद्यार्थ्यांना परिसंस्था शिकविताना इतके स्वस्त व हाताशी असलेले उदाहरण क्वचितच मिळेल.

भिंग नसल्यास एक सोपी परीक्षा आहे. संशयित पानाखाली पांढरा कागद धरून पानावर दोन-तीन टिचक्या माराव्यात आणि अर्धा मिनिट थांबावे. कागदावर पडलेले कण स्थिर राहिले तर ती धूळ. सावकाश चालू लागले तर कोळी. लांबट, चपळ आणि पाठीवर पंखांची रेषा दिसणारे जीव असतील तर ते फुलकिडे होत. कापसासारखे पांढरे पुंजके असल्यास तो पिठ्या ढेकूण समजावा. या निदानास फाटा देऊन केलेली कोणतीही फवारणी ही अंधारात मारलेला दगड ठरते.

अरेका पामच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. त्यावर पानाच्या खालच्या बाजूस खरोखरीच लालभडक कोळी थव्याने दिसले आणि जाळी अजिबात नसली, तर ती राओइला इंडिका ही निराळ्या कुळातील जात असण्याची शक्यता आहे. १९२४ साली कोइमतूर येथील नारळावरून हर्स्ट याने तिचे वर्णन केले. पुढे २००४ मध्ये ती कॅरिबियन बेटांपर्यंत पोहोचली आणि तेथील माडांना तिने मोठा उपद्रव दिला. सुदैवाने खोलीतील कुंडीपुरता विचार करता पुढे सांगितलेली धुण्याची व साबणाची पद्धत तिलाही लागू पडते.

जीवनक्रम : प्रश्नाचे मर्म
पानाखाली घातलेले गोल, पारदर्शक अंडे, त्यातून निघणारी सहा पायांची अळी, त्यानंतर आठ पायांच्या दोन पिलू-अवस्था आणि शेवटी प्रौढ असा या किडीचा क्रम आहे. प्रत्येक दोन अवस्थांमध्ये एक छोटा निश्चल काळ असतो. त्या वेळी जीव खात नाही, हलत नाही आणि पुष्कळशा औषधांना दाद देत नाही. सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो. २० अंशांस त्याला दोन ते अडीच आठवडे लागतात. अनुकूल स्थितीत एक मादी आपल्या आयुष्यात शंभरच्या आसपास अंडी घालते.

येथे थोडे गणित करून पाहणे उद्बोधक ठरेल. शंभरांपैकी पाऊणशे अंड्यांतून माद्या निघाल्या आणि त्या सर्व जगल्या, असे क्षणभर गृहीत धरू. दुसऱ्या पिढीत माद्यांची संख्या पाच हजारांच्या वर जाते. उन्हाळ्यात याला तीन-चार आठवडे पुरतात. निसर्गात मृत्यूचे प्रमाण मोठे असल्याने ही संख्या कागदावरचीच. तथापि खोलीत पाऊस नाही, वारा नाही आणि भक्षक जवळजवळ नाहीत, म्हणून कागदावरचे गणित तेथे शेतापेक्षा अधिक खरे ठरते. शिवाय या जातीत अनिषेकजनन आहे : न फळलेल्या अंड्यांतून नर आणि फळलेल्या अंड्यांतून माद्या निपजतात. एकटी कुमारी मादी नव्या झाडावर पोहोचली तरी ती प्रथम नरांना जन्म देते, त्यांच्याशी तिचा संयोग होतो आणि वसाहत उभी राहते. ‘एखाद-दुसरा राहिला तर काय बिघडते’ हा विचार या किडीच्या संदर्भात चालत नाही.

पानाचे नुकसान कसे होते हेही समजून घ्यावे. सुईसारख्या मुखावयवांनी कोळी पानातील एकेक पेशी भेदतो आणि हरितद्रव्यासह तिच्यातील द्रव शोषून घेतो. मिनिटाला वीसच्या आसपास पेशी अशा रीतीने रित्या होतात. वरून दिसणारा फिकट ठिपका म्हणजे मेलेल्या पेशींचा समूह. ठिपके एकमेकांत मिसळले की पान काशाच्या रंगाचे होते व गळते. रिकामी झालेली पेशी पुन्हा भरत नाही, म्हणून उपचार यशस्वी झाल्यावरही जुनी पाने डागाळलेलीच राहतात. यशाची परीक्षा नव्या पानांवर करावयाची असते. हे ठाऊक नसल्यामुळे गुण आलेला उपायही ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून दिला जातो.

पिवळेपणा दिसताच कुंडीत युरिया टाकण्याची सवयही हानिकारक आहे. नत्र वाढले की पानातील रस कोळ्यांना अधिक पौष्टिक होतो व त्यांची अंडी वाढतात. उलटपक्षी तहानलेले झाडही त्यांना मानवते. मातीचा वरचा थर कोरडा होताच पुरेसे पाणी आणि प्रादुर्भाव संपेपर्यंत खतास विराम, हा मध्यममार्ग श्रेयस्कर होय.

कीटकनाशके का अपयशी ठरतात
दुसऱ्या महायुद्धापूर्वी कोळी ही दुय्यम कीड मानली जात असे. डीडीटीचा सार्वत्रिक वापर सुरू झाल्यानंतर फळबागांमध्ये तिचे उद्रेक होऊ लागले. डीडीटीने कोळ्यांना विशेष इजा होत नव्हती, त्यांना खाणारे भुंगेरे व परभक्षी कोळी मात्र मरत होते. हाच प्रकार पुढे अनेक रसायनांच्या बाबतीत घडला. घरगुती फवाऱ्यांमध्ये वापरले जाणारे पायरेथ्रॉइड गटातील घटक कोळ्यांवर फारसे चालत नाहीत, भक्षकांवर चांगलेच चालतात. रोपवाटिकांमध्ये हमखास सुचविले जाणारे इमिडाक्लोप्रिड हे आंतरप्रवाही औषध मावा व तुडतुड्यांवर प्रभावी आहे, कोळ्यांवर नाही. इतकेच नव्हे, तर ते दिलेल्या झाडांवर कोळ्यांची संख्या वाढल्याच्या नोंदी शास्त्रीय वाङ्मयात वारंवार आल्या आहेत. कीटकनाशक आणि कोळीनाशक हा भेद वर्गीकरणाच्या पाठ्यपुस्तकापुरता नाही, तो असा व्यवहारात उतरतो.

मग खरे कोळीनाशक आणावे काय? डायकोफॉल हे एके काळचे सर्वपरिचित कोळीनाशक २०१९ साली स्टॉकहोम करारातील त्याज्य रसायनांच्या यादीत गेले आणि २०२३ च्या आदेशान्वये भारतातही त्यावर बंदी आली. प्रोपरगाइट, स्पायरोमेसिफेन यांसारखी रसायने आज उपलब्ध आहेत, परंतु त्यांची शिफारस चहा, मिरची, वांगी अशा उघड्यावरील पिकांसाठी असते. माणसांच्या बैठकीच्या खोलीसाठी ती नसते. दुसरी अडचण प्रतिकारक्षमतेची. या एका जातीत नव्वदहून अधिक रासायनिक घटकांविरुद्ध प्रतिकारक्षमता नोंदली गेली आहे आणि त्याबाबतीत संधिपाद प्राण्यांत तिचा क्रमांक बहुधा पहिला लागतो. २०११ साली तिचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा विषारी पदार्थांचे विघटन करणाऱ्या जनुकांची त्यात मोठी रेलचेल आढळली. काही जनुके तर जिवाणू व बुरशी यांच्याकडून आलेली आहेत. निरनिराळ्या वनस्पतींच्या नैसर्गिक विषांशी झगडत आलेल्या जिवाला आपली बाटली नवीन नसते. रोपवाटिकेतून आलेल्या झाडावरील कोळी यापूर्वी कोणकोणत्या फवारण्यांतून तरले आहेत, हे विकत घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही.

पाण्यात बुडवून मरणाऱ्या किंवा तेलाने गुदमरणाऱ्या कोळ्याला मात्र असा प्रतिकार उभा करणे फार कठीण जाते. प्रस्तुत लेखातील शिफारशीचा सारा भर या एका मुद्द्यावर आहे.

प्रत्यक्ष उपचार
प्रादुर्भाव आढळताच ते झाड इतरांपासून दूर करावे. पाने एकमेकांना टेकली की कोळी सरळ चालत पलीकडे जातात. दाटी झाली म्हणजे फांदीच्या टोकाशी गोळा होऊन धाग्याच्या साहाय्याने हवेवर तरंगतात, आणि छताचा पंखा त्यांना पुरेसा वारा पुरवितो. परंतु सर्वांत दुर्लक्षित वाहक म्हणजे पाने पुसण्याचे फडके. एकाच ओल्या फडक्याने ओळीने दहा कुंड्या पुसणारा कर्मचारी स्वच्छतेच्या भावनेने कीड वाटत असतो. आजारी झाडासाठी वेगळे फडके ठेवावे व ते गरम पाण्यात धुवावे.

अतिशय खराब झालेली पाने कापून पिशवीत बंद करावीत. गांडूळखताच्या खड्ड्यात टाकू नयेत. त्यानंतर झाड स्नानगृहात किंवा बागेतील नळाजवळ नेऊन पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुवावी. जाळी फाटणे येथे महत्त्वाचे आहे, कारण जाळीमुळे फवाऱ्याचे थेंब पानापर्यंत पोहोचत नाहीत. कुंडी लहान असेल तर तिचे तोंड प्लॅस्टिकने बांधून झाड उलटे धरावे आणि शेंडा बादलीतील पाण्यात दोन-तीन वेळा खळबळून काढावा. केवळ या धुण्याने बहुसंख्य चालते कोळी निघून जातात. चिकटलेली अंडी बरीचशी मागे राहतात, आणि पुढचा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच असतो.

पाणी निथळल्यावर साबणाचे द्रावण फवारावे. साबण म्हणजे स्निग्धाम्लांचा पोटॅशयुक्त क्षार. बागकामासाठी तो द्रवरूपात मिळतो व लिटरमागे १० ते २० मिलिलिटर इतका पुरतो. कपडे धुण्याची पावडर किंवा भांड्यांचा द्रव हा साबण नव्हे, अपमार्जक होय. त्याने पाने करपण्याचा धोका असतो. साबण ओला असेपर्यंतच काम करतो, वाळला की त्याचा प्रभाव संपतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी. आपल्याकडे एक स्थानिक अडचण उद्भवते ती कूपनलिकेच्या कठीण पाण्याची. त्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन पांढरा साका तयार होतो आणि द्रावण निष्प्रभ होते. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना हे सांगावयास नको. परंतु माळ्याला सांगावे लागते. ऊर्ध्वपातित, शुद्धीकरण यंत्रातील किंवा साठविलेले पावसाचे पाणी वापरल्यास हा प्रश्न राहत नाही.

अंड्यांवर तेलाचा उपयोग अधिक होतो, कारण तेलाचा पातळ थर अंड्याचा श्वास कोंडतो. कडुनिंबाचे तेल लिटरला ५ मिलिलिटर या प्रमाणात, त्यात एक-दोन मिलिलिटर द्रव साबण मिसळून व सतत हलवीत फवारावे. साबण आणि तेल आलटून पालटून वापरल्यास चांगले. भर उन्हात किंवा तापमान बत्तीस अंशांच्या वर असताना तेल फवारू नये. गंधकाची फवारणी झालेल्या झाडावर तीन-चार आठवडे तेल वर्ज्य करावे, अन्यथा पाने जळतात. गंधक स्वतः कोळ्यांवर उत्तम चालते, पण त्याचा वास व भुकटी यांमुळे ते गच्चीवरील गुलाबासाठीच ठीक. नेची व मेणासारखा थर असलेली मांसल पाने नाजूक असतात. त्यांच्या एका पानावर आधी प्रयोग करून दोन दिवस वाट पाहावी.

आता मुख्य मुद्दा अंतराचा. एका फवारणीत अंडी व निश्चल अवस्थेतील पिले वाचतात. ती बाहेर पडून प्रौढ होण्यापूर्वी, म्हणजे नवी अंडी घातली जाण्यापूर्वी, दुसरी फवारणी झाली पाहिजे. उन्हाळ्यात हे अंतर चार ते पाच दिवसांचे, हिवाळ्यात सुमारे आठवड्याचे ठेवावे आणि अशा चार फेऱ्या न चुकता पुऱ्या कराव्यात. दुसऱ्या फेरीनंतर झाड स्वच्छ दिसू लागते आणि उपचार थांबविला जातो. बहुतेक अपयशांची कथा इतकीच असते. कुंडीवर तारखांची चिठ्ठी चिकटविणे हास्यास्पद वाटले तरी उपयुक्त आहे. चौथ्या फेरीनंतर आठवड्याने पांढऱ्या कागदाची परीक्षा पुन्हा घ्यावी.

आर्द्रता आणि भक्षक
कोळ्यांना उष्ण व कोरडी हवा मानवते. पठारी महाराष्ट्रात मार्च-एप्रिलच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा तीस टक्क्यांच्या खाली जाते. वातानुकूलित खोल्यांतील हवाही कोरडी असते. पानांवर दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु त्याने वाढलेली आर्द्रता काही मिनिटांत ओसरते. झाड यंत्राच्या झोतातून हलविणे आणि आठवड्यातून एकदा पाने दोन्ही बाजूंनी धुणे, यांचा उपयोग त्याहून कितीतरी अधिक.

परभक्षी कोळ्यांचा इतिहास मनोरंजक आहे. १९५८ साली चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या रोपांवर फायटोसियुलस पर्सिमिलिस हा कोळी अनपेक्षितपणे सापडला. तो जवळजवळ केवळ कोळी किडीवरच जगतो, आणि युरोपातील हरितगृहांमध्ये जैविक नियंत्रणाचा पाया त्याच्यामुळे घातला गेला. आपल्या खोल्यांत मात्र त्याची फारशी आशा बाळगू नये, कारण साठ टक्क्यांहून कमी आर्द्रतेत त्याची अंडी नीट उबत नाहीत. भारतात निओसियुलस लाँजिस्पायनोसस हा देशी परभक्षी कोळी व स्टेथोरस हे टाचणीच्या डोक्याएवढे काळे भुंगेरे बागेत आपोआप येतात. त्यांच्यापर्यंत झाड नेणे आपल्या हाती आहे. जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस झाले की सावली सोसणारी झाडे व्हरांड्याबाहेर आडोशाला ठेवावीत. पाऊस धुण्याचे काम करतो, भक्षक उरलेले. त्या काळात त्यांवर कोणतेही कीटकनाशक मारू नये.

टाकून देण्याचा निर्णय
अर्ध्याहून अधिक पाने गेलेले, शेंड्यापर्यंत जाळीने भरलेले आयव्ही किंवा क्रोटन वाचविण्याच्या नादात शेजारची दहा झाडे धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही. असे झाड पिशवीत बांधून टाकावे, कुंडी साबणाने धुवावी. दुर्मीळ अथवा कोणाच्या स्मरणार्थ लावलेले झाड असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा चारऐवजी सहा फेऱ्यांची तयारी ठेवावी. नवीन आणलेली झाडे दोन ते तीन आठवडे वेगळ्या जागी ठेवून मगच इतरांत मिसळावीत. वारंवार नुकसान होत असेल तेथे मनीप्लँट किंवा सान्सेव्हिएरिया यांसारखी तुलनेने काटक झाडे निवडावीत.

उन्हाळी सुट्टीपूर्वीच्या आठवड्यात दालनांतील सर्व कुंड्या एकदा धुवून, कागदाची परीक्षा करून, सावलीच्या व्हरांड्यात एकत्र आणाव्यात आणि सुट्टीत त्यांना पाणी घालण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावी. कोळी आढळलेल्या कुंड्या मात्र त्या समूहात ठेवू नयेत. त्यांच्या चार फेऱ्या पूर्ण होईपर्यंत त्या निराळ्या भिंतीशी असाव्यात.